कुंभाराचं गाढव आणि मदरबोर्ड

आदिलाबादच्या बाजारात संगणकाच्या उभ्या पेटीला सगळेच ‘सीपीयू’ म्हणतात. खरं तर सीपीयू म्हणजे त्या पेटीच्या पोटातला, चिमटीत मावणारा चौकोनी प्रोसेसर. पण मीसेवा केंद्रात विचारा, झेरॉक्सच्या दुकानात विचारा, जिनिंगच्या ऑफिसात विचारा, सीपीयू टेबलाखाली ठेवलेला असतो. अवयवाचं नाव अवयवीला, म्हणजे अख्ख्या वस्तूला, लागलं आहे आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. भारतीय तर्कशास्त्रात शतकानुशतकं वाद झाला तो प्रश्न बाजाराने एका शब्दात मिटवून टाकला आहे. निदान पेटी बिघडेपर्यंत तरी.

समजा, अशाच एका झेरॉक्सच्या दुकानातला आठ-दहा वर्षं वापरलेला डेस्कटॉप जानेवारीत बंद पडला. मदरबोर्ड गेला होता. मेकॅनिकने दुसरा बोर्ड आणून बसवला. प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, पंखा, पेटी सगळं जुनंच ठेवलं. काम सुरू झालं, पैसे चुकते झाले. एप्रिल सरता सरता मात्र यंत्राची तब्येत बिघडली. दहा मिनिटांत पंखा किंचाळायला लागतो, माऊस अडखळतो, आधार कार्डाची प्रिंट अर्धी निघते आणि पडदा काळा. दुकानदार पेटी काखेत मारून मेकॅनिकच्या दारात उभा: ‘भाऊ, तुम्ही बोर्ड बदलला तेव्हापासून सीपीयू तापून राह्यला.’

या तक्रारीत दोन दावे आहेत. पहिला कारणाचा: बोर्ड बदलला म्हणून ताप आला. दुसरा ओळखीचा, आणि तो दुकानदार उघड बोलत नाही: हा आता आपला जुना सीपीयू राहिला नाही. पहिला दावा तंत्रज्ञाचा आणि दुसरा तत्त्वज्ञाचा, असं वरवर वाटतं. पण पेटी उघडली की दोघांचं उत्तर एकाच जागी सापडण्याची शक्यता बरीच आहे.

कारण म्हणजे काय, हे सांगताना नैयायिक कुंभाराकडे जातात. घट घडायचा तर माती हवी, चाक हवं, चाक फिरवायचा दांडा हवा, कुंभार हवा. ही झाली कारणं. पण माती वाहून आणणारं गाढवही त्या वेळी दारात उभं असतंच की! घटाच्या आधी ते तिथे होतं, म्हणून ते घटाचं कारण ठरतं का? न्यायशास्त्र म्हणतं, नाही. जे कार्याच्या आधी हजर असतं, पण ज्याच्यावाचून कार्य अडत नाही, ते अन्यथासिद्ध. सतराव्या शतकात विश्वनाथ पंचाननाने ‘भाषापरिच्छेदा’त अशा अन्यथासिद्धांचे पाच प्रकार सांगितले. त्यांत गाढव आहे, तसा कुंभाराचा बापही आहे. बापाशिवाय कुंभार नाही आणि कुंभाराशिवाय घट नाही, हे खरं. तरी घटाचं श्रेय बापाला द्यायचं नाही. मालकाच्या तक्रारी ऐकून कावलेल्या प्रत्येक मेकॅनिकने ही यादी दुकानात फ्रेम करून लावावी.

आता हवामानाचं गणित. पंख्याने थंड होणारा प्रोसेसर खोलीतल्या हवेपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. तो नेहमी हवेच्या वर काही अंश राहतो. किती अंश, हे कामाच्या भारावर आणि उष्णता वाहून नेणाऱ्या व्यवस्थेवर ठरतं. समजा, व्यवस्था निरोगी असताना भर कामात हा फरक ४५ अंशांचा आहे आणि व्यवस्था थोडी बिघडली तर ५८ अंशांचा. आदिलाबादला हिवाळ्यात पारा एकआकडी होतो, तर मे महिन्यात ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. जानेवारीच्या सकाळी दुकानात १५ अंश असताना बिघडलेल्या यंत्राचा प्रोसेसर ७३ अंशांवर असेल. कुणाच्या लक्षातही येणार नाही. तोच बिघाड, तेच काम, पण पत्र्याखालच्या दुकानात मे महिन्याची दुपार, हवा ४२ अंशांवर. आकडा १०० वर पोचला. इंटेलच्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरांची मर्यादा याच्याच आसपास असते. तिथे पोचला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करून जीव वाचवतो. तरीही ताप वाढत राहिला तर वीज तोडली जाते.

म्हणजे बिघाड जानेवारीतलाच होता. उन्हाळ्याने तो उघडा पाडला. दुकानदाराचं ‘तेव्हापासून’ अगदीच खोटं नाही. फक्त ‘तेव्हा’ बोर्डासोबत आणखी काय काय घडलं, हे त्याने पाहिलेलं नव्हतं. बोर्ड बदलायचा तर प्रोसेसरवरचा कूलर काढावा लागतो आणि नव्या बोर्डावर पुन्हा बसवावा लागतो. (उन्हाळ्यात आदिलाबादमध्ये ‘कूलर नीट बसला नाही’ म्हटलं की गिऱ्हाईक खिडकीतल्या गवताच्या कूलरकडे बघतं, ते वेगळं.) नवा बोर्ड दारात आला त्याच दिवशी जुन्या कूलरची पकड सुटली. गाढव आणि माती एकत्रच आली होती.

सांख्यांनी दुःखाचे, म्हणजे तापाचे, तीन प्रकार केले आहेत आणि ईश्वरकृष्णाच्या ‘सांख्यकारिके’ची सुरुवातच त्या तीन तापांपासून होते. आपल्याच देहामनातून उठतो तो आध्यात्मिक, इतर भूतांकडून येतो तो आधिभौतिक, ऊनपावसासारख्या दैवी गोष्टींतून येतो तो आधिदैविक. तापलेल्या पेटीला ही विभागणी इतकी चपखल बसते की थोडा संशयच यावा. मे महिना आधिदैविक. आधिभौतिकात उंदीर, मुंग्या, झुरळं आणि आदिलाबादपुरता कापूस. तेलंगणातल्या मोठ्या कापूसबाजारांपैकी हा एक. हंगामात जिनिंगच्या आसपासच्या हवेत जे तंतू तरंगतात ते पंख्याच्या पात्यांना आणि कूलरच्या पत्र्यांना चिकटतात, त्यावर धूळ बसते आणि पत्र्यांमधल्या फटी गोधडीसारख्या बुजून जातात. मऊ ब्रशने आणि हवेच्या झोताने ही गोधडी निघते. इथवर मेकॅनिकला फारसं डोकं लढवावं लागत नाही. आध्यात्मिक तापाला मात्र पेटीच्या आतच उतरावं लागतं.

प्रोसेसरचं धातूचं झाकण आणि कूलरचा तळ, दोन्ही डोळ्यांना आरशासारखे सपाट दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते डोंगरदऱ्यांचे प्रदेश असतात. एकावर एक ठेवले तर शिखरं शिखरांना टेकतात आणि मधल्या दऱ्यांत हवा अडकते. तांब्यातून उष्णता हवेच्या सुमारे पंधरा हजार पट सहज वाहते. म्हणून केसाएवढी फटसुद्धा तांब्याच्या जाडजूड ठोकळ्याला निकामी करते. राखाडी थर्मल पेस्ट लावायची ती या दऱ्या भरण्यासाठी. ती धातूइतकी चांगली वाहक नसते, पण हवेपेक्षा शेकडो पटींनी बरी असते. वाटाण्याएवढी पुरते, जास्त थापली तर तीच अडसर होते. जुन्या यंत्रातली पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते. ती अल्कोहोलने पुसून नवी न लावता कूलर तसाच दाबून बसवला, की घोळ सुरू.

दुसरी खोट कूलरच्या पायांत असते. इंटेलच्या साध्या कूलरला प्लास्टिकचे चार खुंट असतात. ते समोरासमोरच्या जोडीने दाबायचे, प्रत्येकाचा ‘टक’ आवाज ऐकायचा, आणि खुंटाच्या डोक्यावरच्या बाणाच्या दिशेने ते फिरवायचे नाहीत, कारण तो बाण सोडवायची दिशा दाखवतो. वर्षानुवर्षं तापून कडक झालेला एखादा खुंट नव्या बोर्डात अर्धाच शिरतो. वरून बघितलं तर सगळं ठीक. खाली मात्र कूलर एका बाजूने किंचित उचललेला असतो. एकच वारा, पण पंख्याने वाहता ठेवला की तारतो आणि फटीत अडकून पडला की मारतो. वैशेषिकांनी अभावालाही पदार्थ मानलं, तेव्हा त्यांना पुष्कळ टोमणे ऐकावे लागले. जे नाही, तो पदार्थ कसा? अर्धा बसलेला खुंट बघितलेल्या माणसाला हा प्रश्न पडणार नाही. तिथे एका संयोगाचा अभाव आहे आणि त्या अभावाने अख्खं दुकान बंद पाडलं आहे.

गाढवाला मात्र सरसकट निर्दोष ठरवता येत नाही. बोर्ड स्वतःही तापाचं कारण होऊ शकतो. पंख्याची तार भलत्याच खिळ्यांवर लावली तर बोर्डाला प्रोसेसरचा ताप आणि पंख्याचा वेग यांचा मेळ घालता येत नाही. काही बोर्ड कारखान्यातूनच विजेची मर्यादा सैल सोडून येतात. त्यामुळे चाचण्यांत आकडे चांगले दिसतात आणि गिऱ्हाइकाचा प्रोसेसर भाजतो. २०२३ मध्ये एएमडीचे काही रायझन ७००० मालिकेतले प्रोसेसर बोर्डावरच जळाले. काही बोर्ड प्रोसेसरच्या एका भागाला जास्त व्होल्टेज देत होते, असं त्यात पुढे आलं. मग एएमडीने त्या भागाचं व्होल्टेज १.३ वर रोखलं आणि बोर्ड बनवणाऱ्यांनी बायोसच्या नव्या आवृत्त्या काढल्या. तेव्हा गाढवच मातीत मिसळलं होतं, असं म्हणायला हरकत नाही. नैयायिकांची कसोटी इथेही चालते: ते असताना असतं का, आणि ते नसताना नसतं का? बायोस मूळ सेटिंगवर आणून बघायचं, पेटीचं दार उघडं ठेवून बघायचं, पेस्ट बदलून बघायचं. एका वेळी एकच गोष्ट. अधीर मेकॅनिक चार गोष्टी एकदम करतो. ताप उतरतो खरा, पण कशाने उतरला हे त्याला कधीच कळत नाही.

इथून दुसऱ्या दाव्याकडे वळता येतं. कापड कशाचं झालं, या प्रश्नाला न्यायदर्शन तीन उत्तरं देतं. सूत हे समवायिकारण, विणकर आणि माग ही निमित्तकारणं, आणि तंतूंचा एकमेकांशी झालेला संयोग हे असमवायिकारण. हे तिसरं उत्तर विलक्षण आहे. सूत सगळं तेवढंच आहे, विणकर तोच आहे, पण तंतू एकमेकांना भेटलेले नाहीत, तर ते कापड नाही, सुताचा गुंता आहे. संयोग तुटला की कापड गेलं. आपल्या झेरॉक्सवाल्याच्या पेटीत प्रत्येक भाग हजर होता. मोजून घ्या, काहीही कमी नाही. कमी होता तो एक संयोग, एका कोपऱ्यातला, केसाएवढा. पेटी कशामुळे तापते आणि पेटी कशामुळे पेटी आहे, या दोन्ही प्रश्नांचं बोट त्या कोपऱ्याकडेच जातं.

बौद्धांना हे पटणार नाही. भिक्खू नागसेनाने ग्रीक राजा मिलिंदाला, म्हणजे मिनँडरला, विचारलं होतं की रथ कुठे आहे? आस रथ नाही, चाक रथ नाही, जू रथ नाही. भागांच्या आधाराने ठेवलेलं ते एक नाव. आदिलाबादच्या ‘सीपीयू’ला हे मत शोभून दिसतं. पण मे महिन्यात ते अपुरं पडतं. नाव तेच आहे, भाग तेच आहेत, तरी यंत्र कालच्यासारखं वागत नाही. नागसेनाचा अनुयायी म्हणेल की भागांची मांडणी बदलली. बरोबर आहे. मग त्या मांडणीला नुसत्या नावापेक्षा अधिक काही मानावं लागेल, आणि तिथेच नैयायिक त्याला चहा विचारेल.

नैयायिकाचा स्वतःचा हिशेब मात्र कडक आहे. कापडातला एक तंतू काढला तर जुनं कापड नष्ट झालं. उरलं ते नवं, त्याला खंडपट म्हणायचं. ‘हे तेच धोतर’ असं आपण म्हणतो ते साजात्याने, दिव्याच्या ज्योतीला ‘तीच ज्योत’ म्हणतो तसं. या न्यायाने मदरबोर्ड बदललेला संगणक नवाच. आणि गंमत अशी की मायक्रोसॉफ्टही नैयायिकांच्याच पंगतीला बसते. संगणकासोबत येणारा विंडोजचा परवाना त्या संगणकापुरताच असतो आणि मायक्रोसॉफ्टच्या नियमानुसार संगणकाचा प्राण मदरबोर्डात आहे. रॅम बदला, डिस्क बदला, पेटी बदला, संगणक तोच. बोर्ड बदलला की संगणक नवा, परवाना नवा. पण एक पळवाट ठेवली आहे आणि ती कुठल्याही दर्शनात सापडायची नाही: बोर्ड बिघडला म्हणून त्याच उत्पादकाचा तसाच किंवा तोडीचा बोर्ड बसवला, तर संगणक जुनाच राहतो, सुधारणा म्हणून बदलला तर नवा. म्हणजे वस्तूची ओळख तुमच्या हेतूवर अवलंबून. हा सिद्धांत थोर नैयायिक उदयनाचार्यांपुढे मांडायला हवा होता.

यंत्राचं स्वतःचं मतही असतं. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद केलेली असेल, तर तिची किल्ली सहसा जुन्या बोर्डाशी जोडलेल्या टीपीएम नावाच्या सुरक्षा-कप्प्यात असते. नव्या बोर्डावर तीच डिस्क उघडायला गेलं की आकड्यांची लांबलचक रिकव्हरी की मागितली जाते. डिस्कला बोर्ड परका वाटतो. दुकानदाराला मात्र त्या डिस्कमधलंच सगळं हवं असतं: गिऱ्हाइकांच्या फायली, टॅलीचे हिशेब, मुलीच्या लग्नाचे फोटो. पुरीला १९९६ आणि २०१५ च्या नवकलेवरात जगन्नाथाच्या लाकडी मूर्ती बदलल्या, तेव्हा जुन्या मूर्तीतला ब्रह्मपदार्थ डोळे बांधून नव्या मूर्तीत ठेवला गेला. दुकानदाराच्या लेखी ब्रह्मपदार्थ म्हणजे हार्ड डिस्क. ती हलली नाही, तर बाकी काहीही बदला.

या प्रश्नावर आदिलाबादकरांनी बावरून जायचं कारण नाही. त्यांचा जिल्हाच असा घडला आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा इथून तेव्हाच्या मुंबई राज्यात, म्हणजे आजच्या महाराष्ट्रात गेले. नांदेडकडचा मुधोळ इथे आला. ११ ऑक्टोबर २०१६ ला उरलेल्या जिल्ह्याचे चार झाले: आदिलाबाद, निर्मल, मंचेरियल आणि कुमुरम भीम आसिफाबाद. नाव एकाने ठेवलं, कोळसा दुसरीकडे गेला, बासरची सरस्वती तिसऱ्याकडे. जुनं आदिलाबाद म्हणजे यांपैकी नेमकं कोणतं? किनवटच्या माणसाला अजून आदिलाबादचा कापसाचा भाव ठाऊक असतो. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर सोयरिकी आहेत. नकाशाचा बोर्ड बदलला, पण पुष्कळसे संयोग शाबूत राहिले.

याच जिल्ह्यात, इंद्रवेल्ली मंडलातल्या केस्लापूरला, पुष्य अमावस्येला नागोबाची जत्रा भरते. गोंडांमधल्या मेसराम कुळाचा हा देव. मेसराम पायी चालत जाऊन गोदावरीचं पाणी आणतात आणि जत्रेची मातीची भांडी सिरिकोंड्याच्या कुंभारांकडून घडवून घेतात. २०२२ च्या डिसेंबरात तिथे जुन्या देवळाच्या जागी दगडाचं नवं देऊळ उभं राहिलं, तेही कुळानेच वर्गणी काढून. दगड बदलले म्हणून नागोबा दुसरा झाला का, असा प्रश्न जत्रेत कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. तिथे कसोटी वेगळी आहे. कुळात नव्याने आलेल्या सुना पांढरी लुगडी नेसून, चेहरा झाकून देवापुढे आणल्या जातात. या विधीला ‘भेटिंग’ म्हणतात. लग्न झालेलं असतं, घरात त्या नांदत असतात, तरी भेटिंग होईपर्यंत कुळाच्या पूजेत त्यांना जागा नाही. नवा अवयव पेटीत ठेवल्याने लागू होत नाही, त्याची गाठ घालून द्यावी लागते. संयोग या शब्दाला यापेक्षा चांगला मराठी प्रतिशब्द मिळणं कठीण.

आणि सिरिकोंड्याच्या भट्टीपाशी एक जुना वाद अजून धगधगतो आहे. कच्चा काळपट घट आव्यात जातो आणि तांबडा होऊन बाहेर येतो. तो तोच घट का? वैशेषिक म्हणाले, नाही. अग्नी घटात शिरतो, घटाचे परमाणू सुटे होतात, सुट्या परमाणूंचा रंग बदलतो आणि पुन्हा घट जुळतो. हे इतक्या झटपट होतं की डोळ्यांना कळत नाही. हा पीलुपाक. नैयायिक म्हणाले, मग त्या घटावर रचलेले बाकीचे घट कोसळत कसे नाहीत? घट सच्छिद्र असतो, म्हणून तर त्यातलं पाणी बाहेर पाझरतं. त्याच छिद्रांतून अग्नी आत शिरतो आणि अख्खा घट घटपणा न सोडता भाजून निघतो. हा पिठरपाक. सतराव्या शतकात तेलुगू प्रदेशातल्या अन्नंभट्टाने ‘तर्कसंग्रहा’वरच्या स्वतःच्या ‘दीपिके’त हा वाद नवशिक्यांसाठी थोडक्यात मांडला. त्याच ग्रंथाची अथल्ये आणि बोडस यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १८९७ मध्ये मुंबईत निघाली आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी विद्यार्थ्यांनी न्यायशास्त्राची मुळाक्षरं तिच्यावर गिरवली.

तापाने वस्तू बदलते का, एवढाच त्या वादाचा गाभा. प्रोसेसरपुरतं बोलायचं तर नैयायिक जिंकतात. त्याच्या आतल्या सिलिकॉनने वर्षानुवर्षं हजारो वेळा ताप सोसला, तरी तो स्वतःला विसरला नाही. आणि घटाच्या त्याच छिद्रांनी उन्हाळ्यात माठ गार राहतो, हे वेगळं सांगायला नको. महागड्या कूलरच्या तांब्याच्या नळ्यांतही थोडंसं पाणीच असतं. गरम टोकाला त्याची वाफ होते, गार टोकाला ती पुन्हा पाणी होते. माठाचं तत्त्व, फक्त झाकण बंद.

तर मेकॅनिकने पेटी आडवी केली. कापसाची गोधडी निघाली, वाळलेली पेस्ट निघाली आणि डाव्या कोपऱ्यातला खुंट बोट लावताच डुगडुगला. नवा खुंट, वाटाण्याएवढी पेस्ट, चार ‘टक’. बाहेर मे महिन्याची दुपार, दुकानात हवा ४१ अंश, आणि अर्धा तास छपाई चालवूनही प्रोसेसर ८६ च्या वर गेला नाही. दुकानदाराने पेटीच्या मागे तळहात धरून वारा तपासला. ‘झाला ना पहिल्यासारखा?’ त्याने विचारलं. मेकॅनिकने मान हलवली आणि बिलावर लिहिलं: सीपीयू सर्व्हिस. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, विंडोज ॲक्टिव्हेट करा अशी फिकट ओळ जानेवारीपासून होती तशीच होती.